पट्टीच्या पैशातून पेन्शन: पहिल्यांदा योजना निवडणाऱ्यांसाठी

पेन्शन योजनांची माहितीपत्रकं पगारदार माणूस डोळ्यासमोर ठेवून लिहिलेली असतात. दर महिन्याला ठरावीक तारखेला पगार, त्यातून ठरावीक हप्ता, की झालं. आपल्याकडं मराठवाड्यात पैसा असा येत नाही. सोयाबीनची पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाचा पैसा, दसरा-दिवाळीच्या आसपास हातात पडते, कापूस वेचणीप्रमाणं तुकड्या-तुकड्यानं जातो, तूर जानेवारीच्या सुमाराला आणि हरभरा फेब्रुवारी-मार्चात. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडीला हंगामाआधीच उचल मिळते आणि पुढचे काही महिने ती फेडण्यात जातात. जून आला की खत, बियाणं आणि पोरांची फी एकदमच दारात उभी राहते.

म्हणून कुठली योजना जास्त व्याज देते हा प्रश्न मी दुसऱ्या नंबरावर ठेवतो. आधी बघायचं ते हे, की पाऊस हुकलेल्या वर्षात ती योजना तग धरेल का. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. २०२५ च्या सप्टेंबरात उभी पिकं पाण्याखाली गेली. अशा वर्षी ज्या योजनेचा हप्ता चुकला की सगळं मुसळ केरात जातं, ती योजना कागदावर कितीही गोड दिसली तरी आपल्या कामाची नाही.

पहिली पायरी: आधीच काय जमा आहे ते शोधा

नवं खातं काढण्याआधी जुनं उकरून बघा. वाळूज, शेंद्रा किंवा जालन्याच्या एमआयडीसीत दोन-चार वर्षं काम करून गावी परतलेली मंडळी घरोघरी आहेत. ठेकेदाराकडून काम केलं असलं तरी पीएफ कापला गेला असेल, तर तुमच्या नावावर यूएएन नंबर, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक, आहे. पगाराच्या जुन्या चिठ्ठीवर तो सापडतो. मोबाइल नंबर जोडलेला असेल तर सरकारच्या उमंग ॲपवर पासबुकही दिसतं.

यातली महत्त्वाची गोष्ट बहुतेकांना कुणी सांगत नाही. पीएफसोबत ईपीएस नावाची पेन्शन योजनाही चालते. मालकाच्या वाट्यातले ८.३३ टक्के तिकडं जातात, तेही जास्तीत जास्त १५,००० रुपये पगार धरून. एकूण नोकरी १० वर्षं भरली की पेन्शनचा हक्क लागतो, आणि ही १० वर्षं वेगवेगळ्या कंपन्यांत मिळून चालतात. हिशेब सोपा आहे: पेन्शनपात्र पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. म्हणजे १५,००० पगारावर १५ वर्षं झाली, तर महिन्याला सुमारे ३,२१४ रुपये.

आता होतं काय, की पोरगं एक कंपनी सोडतं, कुणीतरी सांगतं ‘सगळा पीएफ काढून घे’, आणि फॉर्म १०-सी भरून पेन्शनचाही पैसा काढला जातो. तेवढी वर्षं पुसली जातात. पुन्हा कंपनीत जाण्याची थोडीही शक्यता असेल, तर पेन्शनचा भाग काढू नका. त्याऐवजी त्याच फॉर्मवर स्कीम सर्टिफिकेट मागा, म्हणजे झालेली वर्षं तुमच्या नावावर राहतील.

श्रावणबाळ योजनेवर भिस्त ठेवून बसलेलेही भेटतात. ती ६५ वर्षांनंतर, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असणाऱ्यांसाठी आहे आणि महिन्याला १,५०० रुपये देते. ज्याच्याकडं काहीच उरलं नाही त्याच्यासाठी तो आधार आहे, पण तिशीतल्या माणसानं म्हातारपणाचा बेत त्यावर आखू नये.

दुसरी पायरी: वर्षाचा पैसा कागदावर मांडा

वहीच्या एका पानावर बारा महिने लिहा. कुठल्या महिन्यात पैसा येतो आणि कुठल्यात जातो, एवढंच मांडायचं. ज्या महिन्यात आवक आहे पण मोठा खर्च नाही, तो तुमचा पेन्शनचा महिना. बहुतेक कोरडवाहू शेतकऱ्यांचा तो नोव्हेंबर निघतो, कुणाकुणाचा मार्च. लातुरात शिकवणीच्या क्लासवर शिकवणाऱ्याला किंवा विनाअनुदानित शाळेतल्या शिक्षकाला महिन्याचा हप्ता जमेल. आडतीवरच्या हमालाला, रिक्षावाल्याला, शिवणकाम करणाऱ्या बाईला छोटा पण वारंवार भरायचा हप्ता सोपा जातो.

याच पानावर कर्जही लिहा. सावकाराचं शेकडा तीन रुपये महिन्याचं व्याज डोक्यावर असताना पेन्शनमध्ये पैसे टाकणं म्हणजे वर्षाला ३६ टक्के देऊन आठ-नऊ टक्के कमावणं. आधी ते फेडा. सोसायटीच्या पीककर्जाची गोष्ट वेगळी. ते वेळेत भरलं तर व्याजात सवलत मिळते, त्यासाठी पेन्शन थांबवायची गरज नाही.

तिसरी पायरी: महागाईचा हिशेब एकदा तरी करा

महागाई वर्षाला ६ टक्के धरली, तर साधारण बारा वर्षांत किमती दुप्पट होतात. आज तीस वर्षांच्या माणसाला साठाव्या वर्षी ५,००० रुपये पेन्शन मिळाली, तर त्यात आजच्या ८७० रुपयांएवढाच बाजार येईल. हा आकडा ऐकून पुष्कळ जण ‘मग कशाला भरायचं’ म्हणून उठतात. मला उलटं वाटतं. तेवढ्यात गोळ्या-औषधं आणि किराण्याचा एक भाग निघतो आणि त्यासाठी कुणापुढं हात पसरावा लागत नाही. फक्त एकाच योजनेवर सगळं भागेल ही समजूत सोडा.

चौथी पायरी: योजना निवडा

बहुतेकांची सुरुवात अटल पेन्शन योजनेपासून व्हावी असं माझं मत आहे. २०१५ साली सुरू झालेली ही योजना १८ ते ४० वयाच्या कुणालाही घेता येते. बँकेत किंवा पोस्टात बचत खातं हवं. साठीनंतर महिन्याला १,००० ते ५,००० रुपयांपर्यंत जी पेन्शन निवडाल तिची हमी केंद्र सरकारची. एक अट मात्र कडक आहे: १ ऑक्टोबर २०२२ पासून, आयकर भरणाऱ्याला किंवा पूर्वी कधी भरलेल्याला हे खातं काढता येत नाही.

हप्ता वयावर ठरतो. ५,००० च्या पेन्शनसाठी अठराव्या वर्षी महिन्याला २१० रुपये, पंचविसाव्या वर्षी ३७६, तिसाव्या वर्षी ५७७, पस्तिसाव्या वर्षी ९०२ आणि चाळिसाव्या वर्षी १,४५४. तिशीत सुरू केलं तर तीस वर्षांत एकूण दोन लाख आठ हजारांच्या आसपास भरले जातात. साठीनंतर तुम्हाला पेन्शन, तुमच्यामागं नवरा किंवा बायकोला तेवढीच पेन्शन, आणि दोघांनंतर वारसाला साडेआठ लाख रुपये.

आता आपल्या कामाची गोष्ट. हा हप्ता महिन्याला, तिमाहीला किंवा सहामाहीला भरता येतो. फॉर्म भरून देणारा माणूस न विचारता ‘मासिक’वर खूण करतो. शेतकऱ्यानं सहामाही मागावा. तिशीतल्या माणसाला ५,००० च्या पेन्शनसाठी तो सुमारे ३,४०० रुपये पडतो. कुठल्या महिन्यांत कापला जाणार ते खातं उघडतानाच विचारून पासबुकाच्या आतल्या पानावर लिहून ठेवा. खात्यात पैसे नसले तर दर १०० रुपयांच्या थकलेल्या हप्त्यामागं महिन्याला एक रुपया दंड लागतो. तो फार नाही, पण थकबाकी आणि दंड दोन्ही पुढच्या वेळी पैसे आले की एकदम कापले जातात. अनुदान जमा झालं म्हणून बँकेत गेलेला माणूस ‘माझे पैसे कुठं गेले’ म्हणून भांडतो, तो बहुतेक यामुळंच.

पेन्शनची रक्कम आर्थिक वर्षातून एकदा कमी-जास्त करता येते. त्यामुळं पहिल्यांदा भीती वाटत असेल तर २,००० च्या पेन्शनपासून सुरू करायला हरकत नाही. मध्येच सोडलं तर आपले भरलेले पैसे आणि त्यावरची खरी कमाई मिळते, हमीची पेन्शन नाही. आणि नवरा-बायकोनं दोन वेगळी खाती काढावीत. सातबारा बहुतेक घरांत नवऱ्याच्या नावावर असतो, पण अटल पेन्शनला सातबारा लागतच नाही. घरातल्या बाईच्या स्वतःच्या नावावरची पेन्शन उभी करायला इतकी सोपी वाट दुसरी नाही.

पंतप्रधान किसान मानधन आणि श्रमयोगी मानधन या दोन जुळ्या योजना २०१९ च्या. पहिली दोन हेक्टरपर्यंत जमीन नावावर असणाऱ्या शेतकऱ्यासाठी, दुसरी महिन्याला १५,००० पर्यंत कमावणाऱ्या असंघटित कामगारासाठी. वय १८ ते ४०. हप्ता अठराव्या वर्षी ५५ रुपये, एकोणतिसाव्या वर्षी १००, चाळिसाव्या वर्षी २००, आणि तेवढेच पैसे केंद्र सरकार टाकतं. साठीनंतर ३,००० रुपये, मागं राहिलेल्या जोडीदाराला १,५००. स्वस्त आहे यात वाद नाही. पण दोघांच्या मागं मुलांना काही मिळत नाही, आणि पीएफ किंवा ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) कापला जाणाऱ्याला यात घेत नाहीत. कंपनीत जायचा विचार असलेल्या पोरानं अटलच धरावी. घरी राहून शेती करणाऱ्या चाळिशीच्या आतल्या माणसाला मानधन योजना परवडते. नोंदणी सीएससी, म्हणजे सरकारी ऑनलाइन सेवांच्या, केंद्रावर होते. किसान मानधनाचा हप्ता पीएम किसानच्या दोन हजारांच्या हप्त्यातून वळता करण्याचीही सोय आहे.

ज्याच्याकडं वर्षाला वीस-पंचवीस हजार बाजूला पडतात, त्यानं एनपीएसकडं, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेकडं बघावं. सरकारी नोकरांची म्हणून ही योजना ठाऊक आहे, पण १ मे २००९ पासून ती सगळ्यांसाठी खुली आहे. आपल्याला ती मानवते याचं कारण एकच: हप्ता बांधलेला नाही. वर्षाला कमीत कमी १,००० रुपये भरले की खातं जिवंत राहतं. बरकतीच्या वर्षी पन्नास हजार टाका, दुष्काळात हजार टाकून गप्प बसा. कुणी दंड लावत नाही, कुणी पॉलिसी बंद पडल्याचं पत्र पाठवत नाही.

पैसा शेअर बाजार, कंपन्यांचे रोखे आणि सरकारी रोखे यांत वाटला जातो, त्यामुळं हमी काहीच नाही आणि एखाद्या वर्षी आकडा खालीही येतो. नवख्यानं ‘ऑटो चॉइस’, म्हणजे वयाप्रमाणं आपोआप होणारी वाटणी घ्यावी आणि त्यातला एलसी-५० हा प्रकार निवडावा. त्यात पस्तिशीपर्यंत निम्मा पैसा शेअरमध्ये असतो आणि पुढं वय वाढेल तसा तो आपोआप कमी होत जातो. फंड मॅनेजर, म्हणजे आपला पैसा गुंतवणारी कंपनी, निवडायला सांगतात तेव्हा घाबरू नका. एसबीआय, एलआयसी, यूटीआय, एचडीएफसी अशी नावं दिसतील आणि वर्षातून एकदा बदलायची मुभा असते. पैसा सांभाळायचा खर्च नेहमीच्या योजनांत शंभर रुपयांमागं वर्षाला दहा-बारा पैशांच्या आसपास पडतो. विमा कंपन्यांच्या पेन्शन प्लॅनशी हा आकडा ताडून बघा.

हिशेब असा: दर नोव्हेंबरात २४,००० रुपये, परतावा सरासरी ९ टक्के धरला, तर तीस वर्षांत साधारण ३२ लाख ७० हजार होतात. तेच चाळिशीत सुरू करून वीस वर्षं भरले तर १२ लाख ३० हजार. ९ टक्के हा माझा अंदाज आहे, कुणाचं वचन नाही. शिवाय महागाई इथंही कापते, म्हणून दोन-तीन वर्षांनी रक्कम थोडी वाढवत जा.

या पैशाला मध्ये हात लावणं अवघड आहे. तीन वर्षांनंतर आपण भरलेल्या पैशाच्या २५ टक्क्यांपर्यंत रक्कम मुलांचं शिक्षण, लग्न, घर, मोठं आजारपण अशा ठरलेल्या कारणांसाठीच निघते. काहींना हा तोटा वाटतो. आपल्याकडं भावकीत लग्न निघालं की पहिली नजर कुणाच्या साठलेल्या पैशावर जाते हे ज्याला ठाऊक आहे, त्याला ही अडचणच बरी वाटेल.

पीपीएफ, म्हणजे सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीबद्दल थोडक्यात. पोस्टात किंवा बँकेत, वर्षाला ५०० ते दीड लाख रुपये, १५ वर्षांची मुदत, पुढं पाच-पाच वर्षं वाढवता येते. एप्रिल २०२० पासून व्याज ७.१ टक्क्यांवर आहे आणि त्यावर कर नाही. ही पेन्शन नव्हे, साठवण आहे. पण कर्जदार घराला यातली एक तरतूद माहीत असावी: खातेदाराच्या देण्यापोटी कोर्टाच्या हुकमानंही या खात्यावर जप्ती आणता येत नाही. बाजाराची भीती वाटणाऱ्यानं एनपीएसऐवजी हे घेतलं तरी चूक नाही.

विमा कंपन्यांचे पेन्शन प्लॅन बहुधा नात्यातला एजंट घेऊन येतो, म्हणून नाही म्हणणं जड जातं. दोन गोष्टी मागा. एक, लाभाचा छापील तक्ता, ज्यात ४ टक्के आणि ८ टक्के परतावा धरून आकडे दिलेले असतात आणि हमीची रक्कम वेगळी दाखवलेली असते. तुम्ही फक्त हमीचा रकाना वाचा. दोन, तिसऱ्या वर्षी हप्ता भरता आला नाही तर हातात किती मिळेल, तो आकडा लेखी. सही करून बसला असाल आणि मन बदललं, तर पॉलिसीचे कागद मिळाल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. ‘कर वाचतो’ हे वाक्य शेतकऱ्यापुढं वापरलं जातं तेव्हा हसायला हरकत नाही. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, मग वाचणार काय? पगारदारानंही बघावं, कारण एनपीएसची ५०,००० ची जादा वजावट फक्त जुन्या कररचनेत मिळते.

उरल्या पतसंस्था आणि मल्टिस्टेट, म्हणजे एकाहून जास्त राज्यांत चालणाऱ्या सहकारी पतसंस्था. गेल्या काही वर्षांत मराठवाड्यात त्या बुडाल्या आणि म्हाताऱ्या माणसांनी ठेवीच्या पावत्या घेऊन मोर्चे काढले, हे सगळ्यांनी पाहिलंय. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्यासुद्धा, पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं. पतसंस्थेला आणि मल्टिस्टेट क्रेडिट सोसायटीला ते नसतं. दोन टक्के जास्त मिळतात म्हणून म्हातारपणाचा पैसा तिथं ठेवू नका. चेअरमन कितीही ओळखीचा असो.

पाचवी पायरी: खातं उघडणं

कागद फार लागत नाहीत: आधार, बँक पासबुक, आधारला जोडलेला मोबाइल, आणि एनपीएससाठी पॅन. खरी अडचण नावाची. आधारवर ‘बालाजी’, पासबुकावर ‘बाळासाहेब’, सातबाऱ्यावर तिसरंच. बाईच्या बाबतीत माहेरचं आणि सासरचं नाव. आज अर्ज पुढं सरकतो, पण तीस वर्षांनी दावा करताना हाच फरक आडवा येतो. आधी आधार आणि पासबुक एकसारखं करून घ्या, मगच फॉर्म भरा.

अटलचं खातं तुमच्याच बँकेच्या शाखेत निघतं. एनपीएसचं बँकेत, पोस्टात किंवा घरी बसून ई-एनपीएसच्या संकेतस्थळावर. दोन्हींत १२ अंकी प्रान नंबर, म्हणजे पेन्शन खात्याचा कायमचा क्रमांक, मिळतो. तो फोनमध्ये ठेवाच, पण सातबाऱ्याच्या पिशवीतही एका कागदावर लिहून ठेवा आणि घरात दोघांना सांगा. आधारला जोडलेला मोबाइल नंबर पोरानं बदलून टाकला तर ओटीपी येत नाही आणि सगळं अडतं, तेव्हा सिम बदलताना हे लक्षात असू द्या.

दर वर्षी मार्चच्या आत एकदा खातेउतारा काढा. केंद्रावर पैसे दिले आणि पावती मिळाली, म्हणजे ते खात्यात गेलेच असं नाही.

सहावी पायरी: साठीच्या वेळी काय मिळतं

अटल आणि मानधनात फारसं ठरवायचं नसतं, पेन्शन खात्यात येऊ लागते. एनपीएसमध्ये मात्र निर्णय घ्यावा लागतो. डिसेंबर २०२५ मध्ये बदललेल्या नियमांप्रमाणं सरकारी नोकरीत नसलेल्याला ८० टक्क्यांपर्यंत रक्कम एकदम काढता येते आणि किमान २० टक्क्यांची ॲन्युइटी, म्हणजे आयुष्यभराची पेन्शन, विकत घ्यावी लागते. एकूण जमा ८ लाखांपर्यंत असेल तर सगळे पैसे काढता येतात. करमाफी पूर्वीपासून ६० टक्क्यांपुरती होती, म्हणून त्याच्यावर काढायचं असेल तर आधी सीएला विचारा.

८० टक्के हातात आले की घराचा स्लॅब, पोराचा ट्रॅक्टर, नातीचं लग्न, सगळं एकदम आठवतं. उरलेल्या २० टक्क्यांत किती पेन्शन बसते ते आधी बघा: ३२ लाखांतले साडेसहा लाख, साडेसहा टक्के दरानं, म्हणजे महिन्याला साधारण साडेतीन हजार. निम्म्याहून जास्त पैसा पेन्शनला लावावा असं मी सांगेन. ज्याला ॲन्युइटी नको, त्यानं साठीनंतर पोस्टातली ज्येष्ठ नागरिक बचत योजना घ्यावी. तिथं ३० लाखांपर्यंत ठेवता येतात आणि व्याज तिमाहीला खात्यात येतं.

ॲन्युइटी घेताना ‘जोडीदारालाही चालू’ हा पर्याय मागून घ्या. फक्त स्वतःपुरती घेतली तर महिन्याची रक्कम थोडी जास्त दिसते, पण माणूस गेला की दुसऱ्या महिन्यापासून बंद होते. आणि लग्नाआधी खातं काढलेल्यांनी वारस म्हणून अजून आईचं किंवा वडलांचंच नाव आहे का ते पुढच्या वेळी बँकेत जाल तेव्हा बघा; बदलायला एका पानाचा फॉर्म लागतो.